भाषा तुर्की, पंथ इराणी, शाळा रशियन: अझरबैजानी नेमके कोण?

१८९७ साली झारच्या रशियात जनगणना झाली. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला बाकू, गांजा, शुशा या भागात मातृभाषेच्या रकान्यात लाखो लोकांपुढे ‘तातार’ अशी नोंद पडली. खुद्द त्या लोकांना विचारलं असतं तर बहुतेकांनी ‘आम्ही मुसलमान’ एवढंच सांगितलं असतं, फार तर गावाचं किंवा घराण्याचं नाव जोडलं असतं. इराणी लोक त्यांना तुर्क म्हणत. स्वतःला ‘अझरबैजानी’ म्हणवणारा माणूस त्या वेळी विरळाच. आणि एकवीस वर्षांनी याच लोकांनी अझरबैजान नावाचं प्रजासत्ताक जाहीर केलं.

आपल्याकडे या देशाची चर्चा झाली ती मे २०२५मध्ये. भारत-पाकिस्तान संघर्षात पाकिस्तानची बाजू घेतल्याच्या रागातून तुर्कस्तान आणि बाकूच्या सहली धडाधड रद्द झाल्या. त्या मैत्रीचं कारण पुढे येईलच. पण त्याआधी ही माणसं कोण, हे समजून घ्यायला हवं, आणि ते वाटतं तितकं सरळ नाही.

नकाशा उघडला की पहिला गोंधळ दिसतो. आरास नावाची नदी आहे. तिच्या उत्तरेला अझरबैजान हा स्वतंत्र देश, लोकसंख्या सुमारे एक कोटी. दक्षिणेला इराण, आणि इराणच्या वायव्य कोपऱ्यातले दोन प्रांत ‘पूर्व अझरबैजान’ आणि ‘पश्चिम अझरबैजान’ याच नावाचे. तबरीझ, अर्दबील, उर्मिया ही तिकडची मोठी शहरं. इराणची जनगणना वंश विचारत नाही, त्यामुळे नक्की आकडा नाही. पण दीड कोटीपासून दोन कोटींच्या पुढेही अंदाज केले जातात. म्हणजे अझरबैजान देशात आहेत त्याहून जास्त अझरबैजानी इराणमध्ये राहतात. जगात असं उदाहरण फार सापडत नाही.

नाव मुळात दक्षिणेचंच. अलेक्झांडरने इराण जिंकलं तेव्हा मीडिया प्रांताचा क्षत्रप होता आत्रोपातेस. त्याच्या राज्याला ग्रीक लेखक आत्रोपातेने म्हणू लागले आणि त्याच नावाचं रूप बदलत बदलत अझरबैजान झालं. नदीच्या उत्तरेला तेव्हा कॉकेशियन अल्बेनिया नावाचं वेगळं राज्य होतं (युरोपातल्या अल्बेनियाशी याचा काही संबंध नाही), पुढे तो भाग अर्रान आणि शिर्वान म्हणून ओळखला गेला. त्या जुन्या राज्याची खूण म्हणजे उदी लोक. ते ख्रिस्ती आहेत, उरलेत जेमतेम काही हजार, आणि त्यांचं मुख्य गाव नीज आजही अझरबैजानात आहे.

मग तुर्की भाषा आली कुठून? अकराव्या शतकात सेल्जुक सुलतानांबरोबर ओघुझ तुर्कांच्या टोळ्या मध्य आशियातून इकडे आल्या. मेंढ्या, घोडे, तंबू असा संसार घेऊन. आरासच्या दोन्ही तीरांवरची कुरणं त्यांना मानवली. पुढची तीन-चारशे वर्षं आणखी टोळ्या येत राहिल्या आणि गावोगावची माणसं हळूहळू त्यांची भाषा बोलू लागली. मूळची माणसं कुठे गेली नाहीत. त्यांची जीभ बदलली, एवढंच. त्याआधीच्या इराणी बोलींचे अवशेष कास्पियनच्या काठी तालिश आणि तात लोकांच्या बोलण्यात अजून आहेत. म्हणून ‘अझरबैजानी हे मुळात इराणीच’ आणि ‘अझरबैजानी हे शुद्ध तुर्क’ ही दोन्ही वाक्यं मला सारखीच पोकळ वाटतात, पण इंटरनेटवर या वादात माणसं आयुष्य घालवतात.

इथपर्यंतची गोष्ट तुर्कस्तानसारखीच आहे. फाटा फुटतो तो १५०१ साली. अर्दबीलच्या सूफी घराण्यातला जेमतेम चौदा वर्षांचा इस्माईल तबरीझमध्ये शाह म्हणून गादीवर बसला आणि त्याने शिया पंथ हा राज्याचा धर्म ठरवला. त्याच्यामागे उभे होते किझिलबाश, म्हणजे लाल टोपीचे तुर्की लढवय्ये. गंमत बघा, इराणला शिया करणारा हा राजा कविता करायचा तुर्की भाषेत, ‘खताई’ या टोपणनावाने. पलीकडे इस्तंबूलला ऑटोमन सुलतान कट्टर सुन्नी. दोघांमध्ये १५१४ साली चाल्दिरानची लढाई झाली, पुढे शतकभर युद्धं चालली आणि एकाच भाषाकुळातली माणसं पंथावरून दोन राज्यांत वाटली गेली. आजचा अझरबैजानी आणि आजचा तुर्क यांच्यातला सर्वांत जुना फरक तो हाच.

या घडामोडींचे तरंग दख्खनपर्यंत आले होते. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा काराकोयुनलू या तुर्कमान घराण्यातला, आणि त्या घराण्याची राजधानी होती तबरीझ. विजापूरच्या युसुफ आदिलखानाने शाह इस्माईलच्या पाठोपाठ मशिदीत शिया पद्धतीचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, वाचायला लावला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने इराणहून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाखाली तोच पंथ धरला. आपल्या शाळेच्या इतिहासात या तिन्ही शाह्या येतात, पण त्यांची नाळ कुठे जोडलेली होती ते सहसा येत नाही.

शाह इस्माईलच्या घराण्याचं सफवी राज्य कोसळलं, नादिरशहा १७४७ साली मारला गेला आणि या भूभागात छोट्या छोट्या खानांची राज्यं उगवली: काराबाख, शिर्वान, शेकी, बाकू, गांजा, नखचिवान, एरिवान. एकमेकांशी भांडण्यात त्यांची उमेद संपत होती. उत्तरेकडून रशिया उतरला. दोन युद्धं, दोन तह. १८१३च्या गुलिस्तान तहाने बहुतेक खानराज्यं रशियाला गेली आणि १८२८च्या तुर्कमनचाय तहाने उरलेली नखचिवान आणि एरिवान. आरास नदी सरहद्द बनली. भाषा एक, पंथ एक, सोयरिकी एक, पण उत्तरेच्या मुलांची शाळा आता रशियन आणि दक्षिणेच्या मुलांची फारसी.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हा या गोष्टीचा खरा गाभा. राष्ट्र तयार झालं ते या काळात. त्याला घडवलं शिक्षकांनी, पत्रकारांनी आणि नाटककारांनी.

शेकीचा मिर्झा फतअली आखुंदोव झारच्या तिफ्लिसमधल्या (आजचं तिबिलिसी) कचेरीत दुभाषा होता. १८५०पासून त्याने साध्या बोलीत विनोदी नाटकं लिहिली: ढोंगी किमयागार, कंजूष व्यापारी, लबाड वकील. तोवर लिहायची ती प्रतिष्ठेची भाषा म्हणजे फारसी. लोक जे बोलतात ते कागदावर येऊ शकतं, हे त्याने दाखवलं. त्यानंतर आला हसन बे झर्दाबी. मॉस्को विद्यापीठात शिकलेला, बाकूच्या शाळेत निसर्गविज्ञान शिकवणारा मास्तर. १८७५ साली त्याने ‘अकिंची’ म्हणजे ‘शेतकरी’ नावाचं पत्र काढलं. रशियन साम्राज्यातलं या भाषेतलं ते पहिलं वर्तमानपत्र. छपाईचे खिळे इस्तंबूलहून आणले, मजकूर, संपादन, प्रुफं यांतलं बहुतेक काम एकहाती. शेतीबद्दल लिहितोय असं दाखवून हा माणूस शाळा, अंधश्रद्धा, पंथभेद यांवर लिहायचा. ५६ अंक निघाले. १८७७मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या धामधुमीत ते बंद पडलं.

दरम्यान बाकूत तेल निघालं होतं. नोबेल बंधू आले, रोथशिल्ड आले आणि विसावं शतक उजाडताना जगातलं जवळजवळ निम्मं तेल या एका शहराच्या आसपास निघत होतं. चांभाराच्या पोटी जन्मलेला आणि गवंडीकाम करून वर आलेला झैनलआबदीन ताघियेव त्यातच कोट्यधीश झाला. त्याने १९०१ साली बाकूत मुसलमान मुलींसाठी आधुनिक शिक्षणाची शाळा उघडली. शहराबाहेर सुराखानीला एक अग्निमंदिर आहे, आतेशगाह. जमिनीतून आपोआप येणाऱ्या वायूवर तिथे ज्योत जळायची, आणि मुलतानकडचे हिंदू व्यापारी, साधू तिथे मुक्कामाला असत. भिंतींवरचे शिलालेख देवनागरीत आणि गुरुमुखीत आहेत. एकाची सुरुवात तर ‘श्री गणेशाय नमः’ने. बाकूला गेलेली मराठी मंडळी या दगडापुढे फोटो काढतातच. आजची ज्योत मात्र नळाच्या गॅसवर जळते.

१९०६ साली तिफ्लिसमधून ‘मोल्ला नसरुद्दीन’ हे व्यंग्यचित्रांचं साप्ताहिक सुरू झालं. संपादक जलील मामेदगुलुजादे. पहिल्याच अंकावर चित्र: झोपलेल्या, जांभया देणाऱ्या मुसलमानांना मोल्ला जागं करतोय. मौलवी, खान, झारचे अधिकारी, बायकोला मारणारे नवरे, सगळ्यांची त्याने सालटी काढली. अंक चोरून इराणात जात.

याच मामेदगुलुजादेचं १९२०च्या सुमाराचं ‘आईचं पुस्तक’ हे नाटक अझरबैजानी ओळखीचा पेच इतका नेमका पकडतं की इतिहासाची चार पुस्तकं बाजूला ठेवावीत. एका घरात तीन भाऊ. एक रशियात शिकून आलेला, एक इराणात, एक इस्तंबूलात. तिघेही देशाच्या भल्याचंच बोलतात, पण एक रशियन शब्दांत, दुसरा फारसी-अरबीत, तिसरा ऑटोमन तुर्कीत. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. बहीण गुलबहारचं लग्न कुणाशी लावायचं यावरही एकमत नाही, कारण प्रत्येकाला नवरा आपल्या पठडीतला हवा. आणि आई मधल्या मध्ये खचून जाते. तिच्याजवळच्या पुस्तकात वडिलांनी लिहून ठेवलेलं असतं की मुलांनी आईपासून दूर जाऊ नये. आई म्हणजे कोण हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही.

तीन भावांची ही ओढाताण मिटवायचा एक प्रयत्न त्याआधीच झाला होता. अली बे हुसेनजादे या विचारवंताने सूत्र मांडलं: तुर्क व्हा, मुसलमान राहा, युरोपीय व्हा. आज देशाच्या झेंड्यावर तेच तीन पट्टे आहेत. निळा तुर्की वारशाचा, लाल आधुनिकतेचा, हिरवा इस्लामचा.

झारशाही कोसळली आणि २८ मे १९१८ रोजी मामेद अमीन रसूलजादे यांच्या मुसावात पक्षाने पुढाकार घेऊन अझरबैजान लोकशाही प्रजासत्ताक जाहीर केलं. तेही बाकूत नाही, तर जॉर्जियाच्या तिफ्लिसमध्ये, कारण बाकू तेव्हा बोल्शेविकांच्या ताब्यात होतं. या सरकारने स्त्रियांना मताचा हक्क दिला, जो फ्रान्सच्या बायकांना १९४४पर्यंत मिळाला नव्हता. बाकूत विद्यापीठ काढलं. पण नावावरून शेजारी इराण बिथरला: अझरबैजान तर आमच्या प्रांताचं नाव, उद्या तबरीझ मागाल! शेवटी परराष्ट्र खात्याच्या कागदांवर ‘कॉकेशियन अझरबैजान’ असं लिहून वेळ मारून न्यावी लागली. हे प्रजासत्ताक तेवीस महिने टिकलं. २८ एप्रिल १९२० रोजी लाल सेना बाकूत शिरली.

सोव्हिएत काळाबद्दल एकच एक मत देता येत नाही. निरक्षरता गेली, विद्यापीठं, ऑपेरा, अकादमी उभ्या राहिल्या. आणि १९३७च्या आसपास याच भाषेचे उत्तम कवी तुरुंगात किंवा गोळीने संपवले गेले. हुसेन जावीद सैबेरियात मेला. अहमद जवाद, ज्याचे शब्द आज राष्ट्रगीत आहेत, गोळी घालून मारला गेला. तोपर्यंत कागदोपत्री ‘तुर्क’ असणाऱ्या या लोकांचं नाव त्याच सुमाराला ‘अझरबैजानी’ करण्यात आलं. तुर्कस्तानशी नातं सांगणारं नाव स्टालिनला नको होतं. म्हणजे आजचं अधिकृत नाव पक्कं केलं मॉस्कोने. अनेक अझरबैजानींना हे आजही खुपतं.

लिपीचं तर विचारूच नका. १९१० साली जन्मलेल्या एखाद्या बाकूकराचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. लहानपणी तो अरबी लिपीत अलिफ-बे गिरवतो. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा, १९२९ला, लॅटिन लिपी सक्तीची होते. तिशीत पोचतो तोच, १९४०ला, सिरिलिक. आणि ऐंशी ओलांडल्यावर, डिसेंबर १९९१मध्ये, पुन्हा लॅटिन, तीही जुनीच नव्हे, थोडी वेगळी. त्या नव्या लिपीतही ‘ॲ’ या उच्चारासाठी कोणतं अक्षर घ्यायचं यावर वर्षभरात निर्णय फिरवला गेला आणि उलट्या ‘ई’सारखं दिसणारं अक्षर परत आलं. आजोबांची पत्रं नातवाला वाचता येत नाहीत, बापाच्या कपाटातली सिरिलिक पुस्तकं मुलाला जड जातात. प्रत्येक वेळी लिपीबरोबर आधीचं ग्रंथालय अर्धं मुकं झालं.

सोव्हिएत राज्याने या लोकांना एक प्राचीन वंशावळही दिली. बाराव्या शतकातला गांजाचा महाकवी निजामी. त्याने लिहिलं सगळं फारसीत. पण १९३०च्या दशकाच्या शेवटी तो अधिकृतपणे ‘अझरबैजानी कवी’ ठरला, त्याच्या आठशेव्या जयंतीची तयारी झाली आणि ऑक्टोबर १९४१मध्ये, जर्मन वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्येसुद्धा हर्मिटाज संग्रहालयात तो सोहळा झाला. इराणी यावर आजही चिडतात. निजामी गांजात जन्मला, जगला, मेला, तेव्हा गांजाकरांनी त्याच्यावर प्रेम करावं यात चूक काही नाही. चूक होते ती बाराव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकाचा पासपोर्ट देण्यात. आणि त्याची गरजही नव्हती. झर्दाबी आणि मामेदगुलुजादे यांच्यासारखी माणसं असताना राष्ट्राचं वय वाढवून सांगायची काय गरज?

नदीपलीकडे दक्षिणेत गोष्ट वेगळी गेली. तबरीझच्या सत्तारखानाने १९०८-०९ मध्ये शाहच्या फौजेविरुद्ध शहर लढवलं, पण ते इराणच्या राज्यघटनेसाठी. १९४५ला सोव्हिएत फौजांच्या पाठबळावर तबरीझमध्ये पिशेवारीचं स्वायत्त सरकार आलं, शाळेत मातृभाषा आली. सोव्हिएत सैन्य परतल्यावर डिसेंबर १९४६मध्ये ते कोसळलं. पहलवी राजवटीत शाळेत फारसीच. तशातही शहरियार या कवीने १९५०च्या दशकात आपल्या गावच्या टेकडीला उद्देशून ‘हैदरबाबा’ ही दीर्घ कविता तिथल्या तुर्कीत लिहिली आणि ती नदीच्या दोन्ही काठांवर तोंडपाठ झाली. अली खामेनेई यांचं घराणं याच भागातलं. अध्यक्ष पेझेश्कियान अझरबैजानी बोलतात. इराणमधल्या अझरबैजानींना ‘दडपलेली जमात’ म्हणून मोकळं होता येत नाही ते यामुळे. ते सत्तेत आहेत, बाजारात आहेत, फक्त त्यांच्या भाषेला शाळेत जागा नाही. राज्यघटनेचं १५वं कलम प्रादेशिक भाषांचं साहित्य शिकवायला परवानगी देतं, व्यवहारात फारसं काही होत नाही. तबरीझच्या ट्रॅक्टर या फुटबॉल संघाच्या सामन्यांत मग ‘मी तुर्क आहे’ अशा घोषणा घुमतात. तिकडे ‘अझरबैजानी’पेक्षा ‘तुर्क’ हाच शब्द तोंडात असतो.

आता काराबाख. या डोंगराळ भागात बहुसंख्य आर्मेनियन होते, पण सोव्हिएत काळात तो अझरबैजानमध्ये होता. १९८८ला आर्मेनियाशी जोडण्याची मागणी पुढे आली आणि दोन्हीकडून माणसं हाकलली जाऊ लागली. सुमगाईतमध्ये १९८८ला आणि बाकूत जानेवारी १९९०ला आर्मेनियनांवर हल्ले झाले. बाकूत जन्मलेला बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्ह, ज्याची आई आर्मेनियन, त्याच वेळी कुटुंबाला घेऊन शहर सोडून गेला. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे बाकूत घुसले आणि शंभराहून जास्त नागरिक मारले गेले. फेब्रुवारी १९९२मध्ये खोजाली गावातून पळणाऱ्या अझरबैजानी नागरिकांची कत्तल झाली. मृतांचा अझरबैजानने दिलेला आकडा ६१३. १९९४ला युद्ध थांबलं तेव्हा काराबाख आणि भोवतालचे जिल्हे हातचे गेले होते, लाखो अझरबैजानी निर्वासित होऊन वसतिगृहांत, शाळांत, रेल्वेच्या डब्यांत राहत होते.

काराबाखमधलं शुशा गाव अझरबैजानींच्या संगीताचं माहेर. १९०८मध्ये ‘लैली आणि मजनून’ ही मुस्लिम जगातली पहिली मानली जाणारी ऑपेरा रचणारा उझेयिर हाजीबेयोव तिथेच वाढला. गाव आर्मेनियनांच्या हाती पडल्यावर त्याचा, कवयित्री नातवानचा आणि गायक ब्युलब्युलचा असे तीन ब्राँझचे अर्धपुतळे गोळ्यांनी चाळण झालेल्या अवस्थेत जॉर्जियात भंगारवाल्याकडे पोचले. तिथून विकत घेऊन ते बाकूत एका संग्रहालयाच्या अंगणात तसेच, भोकांसकट, मांडून ठेवले. एका पिढीने राष्ट्र म्हणजे काय ते त्या अंगणात शिकलं. २०२०च्या ४४ दिवसांच्या युद्धात शुशा परत मिळालं, पुढच्या वर्षी पुतळेही परत गेले. सप्टेंबर २०२३च्या कारवाईनंतर काराबाखमधले लाखभर आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून गेले. त्यांचं दुःख बाकूच्या कुठल्या अंगणात मांडलेलं नाही.

पाकिस्तानशी मैत्री इथूनच येते. काराबाखच्या प्रश्नावर पाकिस्तानने ऑगस्ट २०२५पर्यंत आर्मेनियाशी संबंधच ठेवले नव्हते. उलट पुण्याच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेत विकसित झालेली पिनाक रॉकेटं भारताने आर्मेनियाला विकली. बाकूतून दिसणारं चित्र असं आहे.

स्वातंत्र्यानंतर नावाचा वाद पुन्हा उफाळला. अध्यक्ष एल्चिबे यांच्या काळात १९९२ला राज्यभाषेचं नाव ‘तुर्की’ झालं. हैदर अलियेव सत्तेवर आल्यावर १९९५च्या घटनेत ते ‘अझरबैजानी’ झालं. इस्तंबूलच्या आणि बाकूच्या भाषेत अंतर आहे ते मालवणी आणि वऱ्हाडी माणसाने गप्पा मारायला बसावं तेवढं: थोडं अडखळायचं, मग सुरळीत. पण तालिश, लेझगी, पहाडी ज्यू या देशातल्या अल्पसंख्याकांना ‘आपण सगळे तुर्क’ म्हणणं कठीण, हे अलियेवना कळत होतं. तेव्हापासून सरकारी धोरण ‘अझरबैजानवाद’ म्हणून ओळखलं जातं: नागरिक म्हणून सगळे अझरबैजानी. कागदावर हे चांगलंच आहे. पण १९९३पासून सत्ता बापाकडून मुलाकडे गेलेल्या एकाच घरात आहे, आणि ओळख म्हणजे काय हेही मग तिथेच ठरतं.

रोजच्या जगण्यात मात्र माणसं त्यांच्या परीने मार्ग काढतात. आडनावाचं रशियन ‘-ओव’, ‘-येव’ काढून ‘-ली’ किंवा ‘-जादे’ लावणारे बरेच आहेत. बहुसंख्य शिया असले तरी मशिदीत नियमित जाणारे थोडे. सर्वांत मोठा सण नवरोज, इस्लामच्या आधीचा: ताटलीत गव्हाचे हिरवे अंकुर, सणाआधीच्या चार मंगळवारी अंगणात जाळ आणि त्यावरून उड्या. मुलांना रशियन माध्यमात घालणारे पालक बाकूत अजूनही आहेत.

विजयानंतर सरकारने नवीन विषय काढला आहे. १९८८च्या सुमारास आर्मेनियातून हाकलल्या गेलेल्या सुमारे दोन लाख अझरबैजानींच्या परतीचा. ती मागणी न्याय्य आहे. पण त्यासाठी आर्मेनियाच्याच भूमीला ‘पश्चिम अझरबैजान’ म्हणणं सुरू झालं आहे, आणि १९१८ला इराण जसा नावावरून दचकला होता तसाच आता आर्मेनिया दचकतो. ऑगस्ट २०२५मध्ये वॉशिंग्टनला दोन्ही देशांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. पूर्ण सहीसाठी बाकूची अट आहे की आर्मेनियाने आधी आपल्या राज्यघटनेतला काराबाखकडे बोट दाखवणारा संदर्भ काढावा.